दहावीचे वर्ष आणि दप्तरातले नाव

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. दहावीच्या वर्गात पहिले काही दिवस नव्या पुस्तकांचे, वेळापत्रकाचे आणि 'हे वर्ष महत्त्वाचे आहे' या वाक्याचे असतात. ते वाक्य मुख्याध्यापकांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळेच म्हणतात. त्यानंतर एके दिवशी शाळेचे क्लार्क वर्गात येतात आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद एकेकाला दाखवतात. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, विषय. 'नीट बघून घ्या, नंतर बदलता येणार नाही,' एवढेच ते बजावतात आणि पुढच्या तुकडीकडे जातात. मुलांना त्यात विशेष काही वाटत नाही.

शालान्त वर्षाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी वर्षाच्या शेवटाविषयी आहे: परीक्षा, निकाल, पेढे, नापासाची नामुष्की. आत्मचरित्रांत 'मॅट्रिक झालो' हे वाक्य एखाद्या प्रकरणाच्या अखेरीस येते. आम्हांला मात्र हल्ली असे वाटू लागले आहे की, या वर्षाचा खरा इतिहास त्याच्या सुरुवातीला, क्लार्कने दाखवलेल्या त्या नोंदीत आहे. माणसाचे कागदावरचे नाव आणि वय आपल्याकडे या वर्षात पक्के होते. ते कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, आणि कोणाला ती नोंद पाहण्याइतके पुढे येता आले, हे प्रश्न निकालाच्या टक्केवारीपेक्षा जुने आहेत आणि अधिक खोलही आहेत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. ही परीक्षा शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. विद्यापीठात प्रवेश देण्याची होती. शाळेच्या शेवटच्या वर्षाने शाळेकडे पाहावे की महाविद्यालयाकडे, हा आजही न सुटलेला पेच त्या आरंभातच आहे. त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या मोजक्या उमेदवारांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. रानड्यांचा जन्म १८४२ चा, भांडारकरांचा १८३७ चा. म्हणजे एकाच परीक्षेला बसलेल्या या दोघांच्या वयात सुमारे पाच वर्षांचे अंतर होते. 'मॅट्रिकचे वय' अशी काही ठरलेली गोष्ट तेव्हा समाजाच्या मनात नव्हती. अमुक इयत्ता म्हणजे अमुक वय हे समीकरण पुढे शाळाखात्याने घडवले आणि मग ते निसर्गनियम असल्यासारखे आपण मानू लागलो.

हे समीकरण घडत असताना त्याच्या फटीत सापडलेल्या एका मुलाची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. धोंडो केशव कर्वे यांनी ती आपल्या 'आत्मवृत्ता'त सांगितली आहे. मॅट्रिकचा मार्ग इंग्रजीतून जाणारा होता. त्याच्या बरोबरीने मराठी शाळांतून जाणारा दुसरा एक मार्ग होता. मराठी इयत्तांची अखेरची परीक्षा दिली की शाळामास्तरकीचे किंवा लहानशा सरकारी नोकरीचे दार उघडे होई. कोकणातल्या गरीब घरांना हाच मार्ग परवडणारा होता. १८७५ साली कर्वे ही परीक्षा देण्यासाठी दापोलीजवळच्या मुरूडहून निघाले, आणि सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यात, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला सतरा वर्षांची अट होती. कर्व्यांचा जन्म एप्रिल १८५८ चा असल्याने ते वय पूर्ण झाले होते. परंतु अंगाने ते किरकोळ होते. परीक्षकांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटला नाही, आणि त्यांनी त्याला बसू दिले नाही. आले त्या वाटेने परत जावे लागले.

ही गोष्ट आपण सहसा चिकाटीचा धडा म्हणून वाचतो. शालेय पाठ्यपुस्तकांच्या मराठीत ती तशीच सांगितली जाते. पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तिच्याकडे पाहिले तर मुख्य मुद्दा निराळा आहे. अट वयाची होती, आणि वय सिद्ध करणारा सर्वमान्य कागद मात्र समाजात नव्हता. घरी जन्मटिपण असेल. ते सरकारच्या दृष्टीने पुरावा नव्हते. शासनाने नियम आणला आणि तो लावण्याचे साधन म्हणून परीक्षकाची नजर वापरली. बुटका मुलगा त्या नजरेत बसला नाही. कर्वे पुढे मराठी परीक्षाही उत्तीर्ण झाले आणि इंग्रजी शाळेत जाऊन १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिकही झाले. त्यांची चिकाटी खरीच. पण त्या घाटातून परत गेलेल्या आणि पुन्हा न आलेल्या मुलांची आत्मवृत्ते आपल्याजवळ नाहीत.

नजरेच्या जागी कागद कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालचा आहे. त्याआधी, आणि खेडोपाडी त्यानंतरही बराच काळ, मुलाच्या वयाची पहिली लेखी नोंद होत असे ती प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात. पोराला घेऊन आलेल्या आईबापांना विचारले तर उत्तर मिळे: मोठ्या दुष्काळाच्या पुढल्या साली, पोळ्याच्या सुमारास, थोरलीच्या लग्नाच्या वेळी. गुरुजींना रकान्यात तारीख हवी असे. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि प्रवेशाला अमुक वर्षे पूर्ण हवीत, म्हणून ते मुलाकडे एकदा बघत आणि लिहून टाकत: १ जून. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, याचे गमतीने बोलले जाणारे पण पूर्णपणे खरे कारण हे आहे. आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षकदालनातही १ जूनला पेढ्यांचे दोनतीन पुडे एकदम येत असत, आणि ते आणणारे सहकारी हसत सांगत की, आमचे खरे वडील हेडमास्तर.

या विनोदाखाली एक गंभीर गोष्ट आहे. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख दहावीच्या अर्जात उतरते, अर्जातून मंडळाच्या प्रमाणपत्रावर जाते, आणि तिथून पुढे तीच सत्य होते. नोकरी, निवृत्ती, पारपत्र, सगळे तिच्यावर चालते. २०१५ च्या बालन्याय कायद्यात वय ठरवण्यासाठी पहिल्या क्रमांकावर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र धरले आहे. म्हणजे एखादा आरोपी मूल आहे की प्रौढ, हेही कधीकधी त्या रकान्यावरून ठरते. कर्व्यांना कागद नसल्याने परत जावे लागले. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना कागद मिळाला, पण तो नजरेच्या अंदाजावरूनच तयार झालेला होता. २०२३ च्या दुरुस्तीने आता त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा ठरवला आहे. ती मुले दहावीला येईपर्यंत १ जूनची ही वहिवाट इतिहासजमा झालेली असेल.

नावाचा रकाना वयाहून अवघड आहे, कारण वय सर्वांना असते. नाव कोणते लिहायचे हे समाज ठरवतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव रामजी आंबेडकरांचे आडनाव हे शाळेच्या दप्तराचेच देणे आहे. मूळ गावावरून आलेले आंबडवेकर हे नाव साताऱ्याच्या शाळेत असताना 'आंबेडकर' झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले, हे सर्वश्रुत आहे. पण त्या सत्काराच्या अलीकडे, शाळेतच, विषयाचा एक रकाना होता. त्यांना संस्कृत घ्यायचे होते. ते शिकू दिले गेले नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली. निकालाच्या दिवशी सगळ्यांना दिसणारे यश आणि वर्ग सुरू होताना कोणालाही न दिसणारी ही मनाई, या दोन्ही एकाच मुलाच्या शालेय इतिहासातल्या गोष्टी आहेत. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकात संस्कृतचा जो प्रश्न येतो, तो या अर्थाने नवा नव्हता. शाळेच्या विषयपत्रकात तो आधीपासून पडून होता.

दलित आत्मकथनांतील शाळेची वर्णने आपण वर्गात शिकवतो तेव्हा भूक, मार, वेगळे बसवणे यांवर भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण या कथनांत रजिस्टर आणि अर्ज यांचेही एक ठळक स्थान आहे, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधायला हवे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) वडिलांचे नाव काय लिहायचे हा प्रश्न शाळेच्या दप्तरापाशी उभा राहतो. जन्म देणारा पुरुष नाव द्यायला तयार नाही, आणि अर्जाला त्या नावावाचून चालत नाही. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिताना मधले नाव आईचे लावले. मुखपृष्ठावरचे ते नाव हेच त्या पुस्तकाचे पहिले विधान आहे. शासनाच्या रकान्याने जे मागितले ते जवळ नव्हते. जवळ होते ते मागण्याची रकान्याला सवय नव्हती. लेखकाने रकानाच बदलून घेतला. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार त्यात ठरवलेल्या तारखेला वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आता मुलाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम येईल. ही मुले पुढे दहावीच्या वर्गात येतील. काळे यांच्या पुस्तकानंतर तीस वर्षांनी शासनाचा रकाना मराठी साहित्याच्या मुखपृष्ठापाशी पोहोचला, असे म्हणायला हरकत नाही.

मुलींच्या बाबतीत हे वर्ष मुळात येईल की नाही हाच प्रश्न होता. पुण्यात १८८४ साली मुलींची इंग्रजी शाळा निघाली, तीच हुजूरपागा. तिच्यामागे रानडे, भांडारकर आणि वामन आबाजी मोडक होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या चौघांपैकी हे तिघे. ज्यांनी विद्यापीठाचे दार प्रथम ओलांडले, त्यांनी मुलींसाठी ते दाखवावे, हे स्वाभाविक होते. टिळकांच्या 'मराठा' पत्राने या शाळेच्या अभ्यासक्रमावर कठोर टीका केली. मुलींनी मुलांसारखे, मॅट्रिकच्या दिशेने जाणारे शिक्षण घ्यावे काय, हा वादाचा गाभा होता. शरीरसंबंधासाठी मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा कायदा १८९१ चा, आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा. या आकड्यांशेजारी मॅट्रिकचे सोळासतराचे वय ठेवून पाहिले की कळते: बहुसंख्य मुलींच्या आयुष्यात शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या कितीतरी आधी लग्न येत असे. वर्ष सुरूच न होणे हा त्यांचा शालान्त इतिहास.

साताऱ्याहून परत पाठवलेल्या त्या मुलाने पुढे काय केले, ते इथे आठवते. कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले. त्याची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. मुंबई विद्यापीठात मराठीला एम. ए.च्या परीक्षेत स्थान मिळायला १९०१ साल उजाडले, तेही रानड्यांनी दीर्घकाळ केलेल्या खटपटीनंतर आणि त्यांच्या निधनानंतर. मराठीतून चढणारा स्वस्त मार्ग आणि इंग्रजीतून जाणारा प्रतिष्ठित मार्ग, हे दोन्ही कर्व्यांनी पायी तुडवलेले होते. दोन मार्गांचा एक मार्ग करण्याचा त्यांचा प्रयत्न हा त्या अनुभवातून आला असावा, असे आम्हांला वाटते.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लग्नानंतर नाव बदलण्याची रीत असलेल्या समाजात शालान्त प्रमाणपत्र हा अनेक स्त्रियांजवळचा, माहेरचे नाव असलेला अखेरचा महत्त्वाचा कागद असतो. कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेखाली तो सापडतो.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेची सूत्रे विद्यापीठाकडून गेली. मुंबई राज्यात शालान्त परीक्षा मंडळ १९४८ साली आले आणि १९४९ साली पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. आजचे महाराष्ट्र राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासूनचे. तोवर 'मॅट्रिक' म्हणजे अकरावी. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी व जुन्या पद्धतीची अकरावी अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसल्या. शाळेचे शेवटचे वर्ष एका वर्षाने अलीकडे सरकले. १९७७ साली पहिली बारावीची परीक्षा झाली, तरीही घराघरांत आणि कागदपत्रांत 'शाळा संपली' ही भावना दहावीशीच चिकटून राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. मनातला टप्पा इतक्या लवकर बदलेल असे वाटत नाही, कारण जन्मतारखेचा कागद दहावीचाच आहे.

परीक्षेपेक्षा हा कागद मोठा आहे, याची साक्ष २०२१ साली मिळाली. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीची दहावीची परीक्षा रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. त्या बॅचची पुष्कळ थट्टा झाली. पण परीक्षा नाही म्हणून प्रमाणपत्रही नको, असे कोणी म्हटले नाही. तसे म्हणणे शक्यच नव्हते. पेपर न लिहिता माणूस पुढे जाऊ शकतो. शालान्त प्रमाणपत्रावर नाव आणि तारीख नसेल तर मात्र त्याची वाट पदोपदी अडते.

म्हणूनच वर्षाच्या सुरुवातीला रजिस्टरातून कोणाचे नाव उतरत नाही, हा प्रश्न उरतो. शाळेबाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. सुटलेले शिक्षण पुन्हा धरण्याची ती चांगली सोय आहे. कामावर जाणाऱ्या, संसारात अडकलेल्या अनेकांनी तिच्या आधाराने शाळा पूर्ण केली आहे. पण या सोयीचा दुसरा उपयोगही आम्ही पाहिला आहे. आमच्यापैकी एकीच्या भाच्याला नववीच्या अखेरीस त्याच्या शाळेने सुचवले की, त्याने दाखला काढून सतरा नंबरने बसावे. ते त्यालाच सोपे जाईल. शाळेच्या फाटकावर त्या वर्षीही शंभर टक्के निकालाचा फलक लागला. मुलगा पुढे उत्तीर्ण झाला. मात्र जूनमध्ये त्याचे मित्र दहावीच्या वर्गात गेले तेव्हा तो घरी होता, आणि क्लार्कने नोंदी दाखवल्या तेव्हा त्या वर्गात त्याला दाखवायला नोंदच नव्हती. साताऱ्याच्या परीक्षकांनी निदान समोर उभे करून, बघून नकार दिला होता.

साताऱ्याचे नाव या लेखात पुन्हा एकदा यायचे आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशा' ठेवण्याची रीत त्या भागात होती. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. बातमी जगभर गेली. त्या समारंभाची सार्थकता आम्हांला दिसते ती शाळेच्या रजिस्टरापाशी. शाळेत असताना नावातली दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होऊ शकते. शाळा सुटली की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, फी आणि हेलपाटे. नकुशा या नावाची मुलगी दहावीच्या वर्गात बसली असेल, तर क्लार्क नोंद दाखवायला येतो तो दिवस तिच्यासाठी शेवटच्या संधीचा असतो. तो दिवस तसाच गेला तर नको असल्याची ती खूण प्रमाणपत्रावर जाते, तिथून नोकरीच्या अर्जावर, आणि मग तिच्या मुलांच्या अर्जातल्या आईच्या नावाच्या रकान्यात.

आमच्या बी. ए.च्या वर्गात आत्मकथन हा साहित्यप्रकार शिकवण्याआधी आम्ही आता एक काम देतो. प्रत्येकाने आपले दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवायचे आणि त्यावरची एकेक नोंद कोणी, केव्हा, कोणाला विचारून केली, हे घरी चौकशी करून लिहून आणायचे. पहिल्या वर्षी आम्हांला वाटले होते की अर्धे पान येईल. एका मुलाने आजोबांना विचारून सात पाने आणली. त्याचे आडनाव घरात कोणीही लावत नव्हते; ते वडिलांच्या गुरुजींनी गावाच्या नावावरून लिहिले होते. वडिलांची जन्मतारीख १ जून होती. आईचे नाव प्रमाणपत्रावर होते, पण तिच्या माहेरी तिला त्या नावाने कोणी हाक मारत नसे. लिहून झाल्यावर त्याने विचारले, 'सर, यातले खरे कोणते धरायचे?' तो तास आम्ही त्याच प्रश्नाला दिला. पुस्तक पुढच्या तासाला उघडले.